कै. ताराबाई मोडक

जून महिना उजाडला आणि पहिला पाऊस पडला, कीं आमच्या जिल्ह्यांतील प्रत्येक गांवीं एक लहानसा सोहळा घडतो. नवा सदरा घातलेलें, डोक्यास तेल लावलेलें एखादें मूल बापाचें बोट धरून शाळेच्या पायरीपर्यंत येतें. आणि पायरी चढावी कीं आल्या वाटेनें परत पळावें, अशा विचारांत तेथेंच थबकतें. बापाच्या हातीं नवी पाटी असते. आजपासून आपलें मूल वाचूं लागेल, या आशेनें त्याचें मन फुललेलें असतें. पुढें पांच-सहा महिने लोटतात, आणि पुष्कळ ठिकाणीं असें दिसून येतें कीं, पाटी फुटली, पेन्सिल हरवली, आणि शाळेचें नांव काढतांच मूल रडूं लागलें. मग बाप मुलाच्या बुद्धीस दोष देतो, गुरुजी घरास दोष देतात, आणि मूल बिचारें दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतें.

हा दोष खरोखर कोणाचा? मूल वाचावयास बसण्यापूर्वीं त्याच्या ठायीं कांहीं तयारी व्हावी लागते काय, आणि होत असल्यास ती कोणी, कोठें व कशी करावी? या प्रश्नांपायीं आपलें सारें आयुष्य वेंचणारी एक थोर स्त्री महाराष्ट्रांत होऊन गेली. तिचें नांव कै. ताराबाई मोडक. यंदा तिचेंच चरित्र आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या मातापित्यांपुढें ठेवावें, असें आम्हीं योजिलें आहे.

ताराबाई आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या नव्हत. त्यांचें कार्य सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्रकांठच्या डहाणू तालुक्यांत झालें. असें असतां त्यांचें चरित्र आम्हांस इतकें जवळचें कां वाटावें? आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. २०११ सालच्या खानेसुमारीप्रमाणें येथील लोकसंख्येपैकीं सुमारें ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, आणि साक्षरांचें प्रमाण सुमारें ६४ टक्के, म्हणजे त्या वेळीं साऱ्या महाराष्ट्रांत सर्वांत कमी भरलें. सातपुड्याच्या कुशींतील पाड्यावर राहणाऱ्या मुलाची अडचण आणि डहाणूच्या डोंगरांतील वारली मुलाची अडचण या सख्ख्या बहिणी होत. एकीस उपाय शोधणारीचें चरित्र दुसरीस परकें कसें वाटेल?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर व आई उमाबाई हीं दोघेंही प्रार्थना समाजाच्या विचारांचीं होतीं. मुलीनें शिकावें कीं नाहीं, हा वाद त्या काळीं घरोघर चाले. केळकरांच्या घरीं त्यास थारा नव्हता. ताराबाई शिकल्या, आणि १९१४ सालीं त्यांनीं मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी संपादन केली. पदवीधर स्त्रिया त्या काळीं बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या गोष्टीचें मोल कळतें.

पुढें त्यांचा विवाह अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशीं झाला. परंतु हा संसार टिकला नाहीं, आणि ताराबाईंस आपली वाट एकटीनें चालणें प्राप्त झालें. त्या दिवसांत पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीनें पाही, हें आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. ताराबाई खचल्या नाहींत. त्यांनीं काठेवाडांत राजकोट येथें स्त्रीशिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाचें मुख्याध्यापिकेचें पद स्वीकारलें. पद मानाचें होतें, वेतन चांगलें होतें, आणि येथेंच आयुष्य सुखानें घालवितां आलें असतें.

परंतु राजकोटपासून फार दूर नाहीं अशा भावनगर शहरीं त्याच वेळीं एक विलक्षण प्रयोग चालला होता. गिजुभाई बधेका नांवाच्या एका गृहस्थांनीं दक्षिणामूर्ती या संस्थेंत १९२० सालीं लहान मुलांसाठीं एक बालमंदिर उघडलें होतें. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःस पुत्र झाल्यावर त्याचें शिक्षण कसें करावें, या विवंचनेंत ते पडले आणि पाहतां पाहतां वकिलीचा त्याग करून परक्यांच्या मुलांचेही पालक बनले. गुजराथेंतील लोक कौतुकानें त्यांस मिशाळ आई म्हणत. त्यांच्या शाळेंत छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती; मुलें हंसत येत आणि घरीं जावयास नाखूष असत. ताराबाईंनीं हें सारें पाहिलें, आणि त्यांच्या मनानें ठाव घेतला. १९२३ च्या सुमारास राजकोटचें मानाचें पद सोडून, कमी वेतनावर, त्या भावनगरास गेल्या आणि तेथें पहिल्यापासून शिकूं लागल्या. गुजराथी भाषा त्यांनीं इतकी आत्मसात केली कीं, त्या भाषेंत त्या लेखनही करूं लागल्या. आमच्या जिल्ह्यांत मराठी व गुजराथी या दोन्ही भाषा एकाच बाजारांत कानीं पडतात. म्हणून ताराबाईंच्या या गुणाचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें.

गिजुभाईंनीं आपल्या कामास आधार घेतला होता तो मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषीचा. या बाई वैद्यकी शिकलेल्या. १९०७ सालीं रोम शहराच्या एका गरीब वस्तींत, मजुरांच्या मुलांसाठीं त्यांनीं एक बालगृह उघडलें. आईबाप कामावर गेले कीं हीं मुलें दिवसभर जिन्यांवर हुंदडत आणि भिंती खराब करीत. त्यांस कोठें तरी बसवावें, एवढाच घरमालकांचा हेतु होता. परंतु माँटेसोरीबाईंनीं त्यांच्या हातीं लांकडाचे ठोकळे, दट्टे, रंगीत पट्ट्या व खरखरीत कागदाचीं अक्षरें दिलीं आणि त्या शांतपणें पाहत राहिल्या. मुलें आपण होऊन कामांत रमलीं, आणि चार-पांच वर्षांचीं मुलें आपण होऊन लिहूं लागलीं, तेव्हां साऱ्या जगास नवल वाटलें. ही पद्धति जन्मास आली ती गरिबांच्या वस्तींत, एवढें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. कारण ताराबाईंच्या चरित्राचा सांधा येथेंच आहे.

आतां, वाचनाची तयारी म्हणजे काय, तें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. आम्ही थोर मंडळी असें समजतों कीं, वाचन हें अक्षरांपासून सुरू होतें. वस्तुतः अक्षर हें पुष्कळ पुढचें पाऊल आहे. शेतकरी पेरणीपूर्वीं जमीन नांगरतो, वखरतो, ढेंकळें फोडतो. नुसतें बीं हातीं घेऊन कोणी शेतांत धांवत नाहीं. मुलाच्या बाबतींत मात्र आपण नेमकें तेंच करतों.

पहिली मशागत कानाची. कावळा, कणीस, कोयता आणि कोंबडा या चारही शब्दांचा आरंभ एकाच ध्वनीनें होतो, ही गोष्ट आपणांस उघड दिसते. पण लहान मुलास ती ऐकूं येत नाहीं. त्यास शब्द म्हणजे एक अखंड वस्तु वाटते. गाणीं, बडबडगीतें, कोडीं, यमकांचे खेळ यांतून तोच शब्द हळूहळू उलगडतो व त्याचे तुकडे कानास निराळे कळूं लागतात. ज्याचा कान असा तयार झाला नाहीं, त्याच्या दृष्टीनें क हें अक्षर म्हणजे फळ्यावरील एक निरर्थक वेलांटी होय. अलीकडील संशोधकांनींही मुलाच्या ध्वनींच्या जाणिवेस वाचनाच्या तयारींत फार वरचें स्थान दिलें आहे.

दुसरी मशागत डोळ्याची. आपल्या बाळबोध लिपींत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत अंतर तें किती? एका रेघेचें किंवा एका गांठीचें. हें अंतर जाणण्यापूर्वीं लहान-मोठें, जाड-बारीक, गोल-चौकोनी, सारखें-निराळें हे भेद हजार वेळां वस्तूंत पाहावे लागतात. तिसरी मशागत हाताची. पेन्सिल धरणें हें चिमुकल्या बोटांस मोठें कष्टाचें काम आहे. मणी ओंवणें, धान्य निवडणें, पाणी न सांडतां एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतणें, मातीचे बैल करणें, रांगोळी घालणें या कामांनीं बोटें व मनगट घडत जातें. चौथी आणि सर्वांत मोठी मशागत जिभेची, म्हणजे भाषेची. ज्या मुलानें पुष्कळ गोष्टी ऐकल्या आणि पुष्कळ सांगितल्या, त्यासच पुस्तकांत कांहीं तरी सांगितलेलें आहे, याची ओढ लागते.

इतकें झालें म्हणजे मग अक्षर. तेंही लागलींच पाटीवर नव्हे. खरखरीत कागदाचें अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवावें. मुलानें त्यावरून, आपण ज्या दिशेनें लिहितों त्याच दिशेनें, बोट फिरवावें आणि त्याच वेळीं तोंडानें त्याचा उच्चार करावा. डोळा, बोट आणि कान तिन्ही एकदम कामास लागतात, आणि अक्षर विसरूं म्हटलें तरी विसरत नाहीं. नंतर सुट्या अक्षरांनीं मूल शब्द जुळवूं लागतें. अशा मुलास वाचावयास शिकवावें लागत नाहीं; तें एके दिवशीं आपण होऊन वाचतें. हें सारें शास्त्र ताराबाई भावनगरास शिकल्या, आणि केवळ पुस्तकांतून नव्हे, तर मुलांमध्यें बसून शिकल्या.

१९२६ सालीं गिजुभाई व ताराबाई यांनीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. शिक्षणपत्रिका नांवाचें एक लहानसें मासिक गुजराथींत निघूं लागलें. पुढें ताराबाईंनीं त्याची मराठी आवृत्तिही चालविली. मुलास मारूं नये, घाबरवूं नये, त्याच्या प्रश्नांस खरीं उत्तरें द्यावींत, अशा साध्या गोष्टी साध्या शब्दांत त्यांतून घरोघर पोंचत. पुढें ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ सालीं दादर येथें त्यांनीं शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालशिक्षिका तयार करण्याचें कामही तेथें होऊं लागलें. १९३९ सालीं गिजुभाई निवर्तले, आणि कार्याचा मोठा भार ताराबाईंवर पडला.

शिशुविहार नांवारूपास आला. मध्यम वर्गांतील आईबाप आपलीं मुलें आनंदानें तेथें पाठवूं लागले. कोणासही यांत कृतार्थता वाटली असती. परंतु ताराबाईंच्या मनास एक रुखरुख लागून राहिली. रोमच्या मजुरांच्या मुलांसाठीं जन्मलेली ही पद्धति आपल्या देशांत येऊन शहरांतील सुखवस्तु मुलांची ठेव होऊन बसली होती. तिचीं साधनें महाग. तीं घेणें खेडेगांवास परवडणें अशक्य. ज्या मुलाच्या घरीं पुस्तकें आहेत, गोष्ट सांगावयास आजी आहे, अंगावर स्वच्छ कपडा आहे, त्याची तयारी अर्धीअधिक घरींच झालेली असते. ज्याच्या घरीं यांतील कांहींच नाहीं, त्यासच बालमंदिराची गरज अधिक. आणि नेमका तोच बाहेर. खरा देश खेड्यांत आहे, ही महात्मा गांधींची शिकवणही त्या काळीं विचारी माणसांच्या मनांत घर करून होती. ताराबाईंनीं मनाशीं निर्णय केला कीं, आपलें काम आतां खेड्यांत न्यावयाचें.

१९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, शहरांतील सोयी सोडून त्या डहाणू तालुक्यांतील बोर्डी या गांवीं राहावयास गेल्या. तेथें त्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें. सोबत होत्या अनुताई वाघ. या अनुताईंची कथाही ऐकण्यासारखी आहे. लहानपणींच विवाह, आणि संसार कशास म्हणतात हें कळण्यापूर्वींच वैधव्य; तेथून उठून त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पस्तिसाव्या वर्षीं ताराबाईंच्या हाताखालीं येऊन उभ्या राहिल्या. गुरु आणि शिष्या यांची ही जोडी ताराबाईंच्या अखेरपर्यंत अभंग राहिली.

बोर्डीस येतांच पहिला प्रश्न साधनांचा पडला. ताराबाईंनीं माँटेसोरीबाईंच्या पेटींतील वस्तु घेतल्या नाहींत. त्या वस्तूंमागील विचार घेतला. लांकडी ठोकळ्यांचें काम लहान-मोठे दगड करूं शकतात. रंग ओळखावयास पानें-फुलें आहेत. मोजावयास शंख, शिंपले, चिंचोके आणि बिया आहेत. माती तर पायाखालीं पसरलेली आहे. महाग साधनांवांचून बालशिक्षण होऊं शकतें, हें त्यांनीं प्रत्यक्ष करून दाखविलें; आणि आमच्या मतें ही त्यांची मोठीच देणगी होय.

दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. गांवांत मध्यवर्ती बालवाडी सुरू झाली, मुलें जमूं लागलीं. परंतु गांवाबाहेर ज्यांस अस्पृश्य मानून दूर ठेवलें होतें त्यांच्या वस्तींतील मुलें कांहीं येईनात. बोलावूनही येईनात. पिढ्यान् पिढ्या ज्यांस उंबऱ्याबाहेर उभें केलें, त्यांस एका दिवसांत उंबरा ओलांडण्याचा धीर कसा यावा? येथें ताराबाईंनीं जें केलें तें वरवर पाहतां अगदीं लहान आहे, पण त्याचा परिणाम साऱ्या देशावर झाला. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळेनें मुलाकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें. शिक्षिका साधनें घेऊन वस्तींत जाऊं लागल्या, आणि तेथल्याच एखाद्या घराच्या अंगणांत मुलें गोळा करून बसूं लागल्या. मुलांचीं तोंडें धुवावीं, केंस विंचरावे, गाणीं म्हणावींत, गोष्ट सांगावी, खेळ मांडावे. दाराशीं उभ्या राहून आया पाहत. हळूहळू त्याही जवळ सरकत. अंगणांत भरते म्हणून ती अंगणवाडी. आज आमच्या जिल्ह्यांतील प्रत्येक गांवीं व पाड्यापाड्यावर जो शब्द लहानथोरांच्या तोंडीं आहे, तो असा जन्मास आला.

बोर्डीचें काम स्थिरावलें, तरी ताराबाईंचें समाधान झालें नाहीं. डहाणू तालुक्याचा डोंगराळ भाग वारली आदिवासींचा. सावकार व जमीनदार यांच्या वेठबिगारीखालीं हे लोक भरडले जात होते, आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं १९४५ सालींच त्यांनीं त्याविरुद्ध मोठा लढा उभारला होता. या लोकांचीं मुलें समुद्रकांठच्या बोर्डीपर्यंत येणें शक्य नव्हतें. तेव्हां पुन्हां तोच न्याय. १९५७ सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, ज्या वयांत माणसें काठी टेकीत देवदर्शनास जातात त्या वयांत, ताराबाई आपलें बिऱ्हाड व आपली संस्था घेऊन कोसबाडच्या टेकडीवर राहावयास गेल्या.

कोसबाडास त्यांस जें दिसलें, तें आमच्या धडगांव-अक्कलकुव्याकडील वाचकांस चांगलें परिचयाचें वाटेल. मूल शाळेंत कां येत नाहीं? त्यास शिकण्याची आवड नाहीं म्हणून नव्हे, तर त्यास काम आहे म्हणून. मुलगा गुरें राखतो. मुलगी धाकट्या भावास कडेवर घेऊन फिरते, कारण आई मजुरीस गेलेली असते. थोरली माणसें दिवसभर शेतांत व रानांत. अशा घरास शाळेचें महत्त्व सांगणारीं व्याख्यानें देऊन काय उपयोग? ताराबाईंनीं व्याख्यानें दिलीं नाहींत. एकेक अडचण हातीं घेऊन तिची गांठ सोडविली.

मुलीच्या कडेवर तान्हें मूल आहे, तर त्या मुलासाठीं शाळेशेजारीं पाळणाघर असावें. मुलगी त्यास तेथें ठेवून शेजारच्या वर्गांत बसेल, आणि मधून मधून डोकावून येईल. मुलगा गुरांमागें कुरणांत आहे, तर शिक्षकानें कुरणांत जावें. गुरें चरत राहतील आणि झाडाखालीं मुलें शिकतील. ही कुरणशाळा. दिवसभर काम करणाऱ्यांसाठीं रात्रीची शाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं तिन्ही एका छताखालीं व एका सूत्रांत आणून त्यांस त्यांनीं विकासवाडी असें नांव दिलें. यांत एक मोठें मर्म होतें. बालवाडींत हंसत-खेळत वाढलेलें मूल एकाएकीं पहिलीच्या कडक वर्गांत गेलें म्हणजे बावरतें. तेंच एका घरच्या दोन खोल्यांप्रमाणें बालवाडी व पहिली जोडून असली, तर मूल केव्हां एकींतून दुसरींत गेलें, हें त्याचें त्यासही कळत नाहीं.

भाषेचा प्रश्नही असाच होता. वारली मुलाची घरची बोली निराळी आणि पुस्तकाची मराठी निराळी. आमच्याकडे तर भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा कितीतरी बोली मुलें घरून घेऊन येतात. अशा मुलापुढें एकदम अ अननसाचा आणि ज जहाजाचा असा तक्ता टांगला, तर त्यानें काय समजावें? सातपुड्यांतील मुलानें अननस पाहिलेला नसतो आणि जहाज तर त्याच्या आजोबांनींही पाहिलेलें नसतें. पण मोहाचें फूल, सागाचें पान, टेंभुरणीचें फळ, कोंबडी, बैल, धनुष्य आणि ढोल त्याच्या रोजच्या ओळखीचे आहेत. मुलाच्या अनुभवापासून आरंभ करावा आणि त्यास हळूहळू पुस्तकाकडे न्यावें, हाच कोसबाडच्या कामाचा पाया होता. मुलाच्या बोलीस हंसलें, कीं मूल मुकें होतें. आणि मुक्या मुलास वाचन येत नाहीं.

ताराबाईंस विरोध झाला नाहीं, असें कोणी समजूं नये. बालवाडींत नुसता खेळ चालतो, अक्षरओळख लवकर होत नाहीं, हा आक्षेप शहरांतील शिकलेल्या पालकांकडून येई आणि आजही येतो. शेजारचा मुलगा चौथ्या वर्षीं शंभरपर्यंत आंकडे म्हणतो, मग आमचा कां नाहीं, या ईर्ष्येनें कित्येक आईबाप कोवळ्या बोटांत पेन्सिल कोंबतात. आम्ही स्वतः शाळेंत काम करितों, आणि आम्हांस कबूल केलें पाहिजे कीं, लवकर निकाल दाखविण्याचा हा मोह आम्हां शिक्षकांसही सुटत नाहीं. परंतु अनुभव असा आहे कीं, तयारीवांचून घोकलेलीं अक्षरें पावसाळ्यांतील नाल्याप्रमाणें आलीं तशीं वाहून जातात; मागें राहते ती शाळेची भीति. एक-दोन वर्षें उशिरां पण तयारीनें वाचूं लागलेलें मूल पुढें मागें पडत नाहीं. ताराबाई या आक्षेपास शब्दानें फारसें उत्तर देत बसल्या नाहींत; ज्यास शंका असेल त्यानें येऊन मुलें पाहावीं, हीच त्यांची रीत होती.

भारत सरकारनें १९६२ सालीं पद्मभूषण ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. पदवीनें त्यांच्या राहणींत कांहीं फरक पडला नाहीं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं, वयाच्या एक्याऐशीव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. योगायोग असा कीं, माँटेसोरीबाईंचा जन्मदिवसही ३१ ऑगस्ट हाच. ताराबाईंच्या मागें अनुताईंनीं कोसबाडचें काम जवळजवळ दोन दशकें चालविलें. १९९२ सालीं त्याही निवर्तल्या.

ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभीं देशांत तेहतीस ठिकाणीं ती निघाली.  सहा वर्षांखालील मुलांस पूरक आहार, आरोग्याची तपासणी, लसी आणि शाळापूर्व शिक्षण हें सारें जेथें एकत्र मिळावें, त्या ठिकाणास नांव मिळालें तें अंगणवाडी. आज देशभर लाखों अंगणवाड्या आहेत. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तर तीन ते सहा वर्षांचीं वर्षें आणि पहिली-दुसरीचीं वर्षें एकत्र धरून त्यांस शिक्षणाचा पाया मानलें आहे. कोसबाडच्या विकासवाडींत जें पूर्वींच घडलें होतें, त्यास आतां साऱ्या राष्ट्राच्या धोरणांत स्थान मिळालें.

परंतु शब्द सर्वत्र पोंचला म्हणून विचारही सर्वत्र पोंचला, असें मात्र म्हणवत नाहीं. अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळण्याची जागा, एवढीच समजूत कित्येक ठिकाणीं दिसते. आहार तर हवाच. भुकेल्या मुलास कसली अक्षरें आणि कसलें गाणें? परंतु ताटासोबत गोष्टही वाढली गेली पाहिजे. अंगणवाडीच्या ताई थोड्या मानधनांत पुष्कळ कामें करीत असतात. त्यांस आपण गांवकऱ्यांनीं हात दिला, तर ताराबाईंचें काम आपल्याच अंगणांत पुढें चालेल.

म्हणून आमच्या पालकांस आमची विनंती अशी आहे. आपण स्वतः शाळा शिकलां नसाल, तरी मुलाची वाचनाची तयारी आपण करूं शकतां. होळीच्या आधीं रात्रीं अंगणांत बसून आपण ज्या जुन्या गोष्टी एकमेकांस सांगतां, त्या मुलांस आपल्या बोलींत सांगा. रानांतून येतांना झाडांचीं व पांखरांचीं नांवें त्यांस विचारा. मूल प्रश्न करील तर त्यास गप्प बसवूं नका. धान्य निवडतांना, शेण सारवतांना, दोर वळतांना त्यासही जवळ घ्या. यास एक पैसाही पडत नाहीं. आणि जून महिन्यांत जेव्हां तें मूल शाळेच्या पायरीशीं येईल, तेव्हां तें रिकाम्या हातानें आलेलें नसेल.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं पुष्कळ जण वसतिगृहांतून सुटीस आपापल्या गांवीं जाल. घरीं धाकटीं भावंडें तुमची वाट पाहत असतील. एखादें चित्रांचें पुस्तक सोबत न्या. तें त्यांच्या मांडीवर ठेवा, पानें त्यांनाच उलटूं द्या, आणि चित्रांत काय दिसतें तें त्यांच्याच शब्दांत त्यांस सांगूं द्या. पाठ घेऊं नका, चुका काढूं नका. ताराबाईंनीं मानाचें पद सोडलें, शहर सोडलें, आणि म्हातारपणीं टेकडी चढून जाऊन जें केलें, त्यांतील एक लहानसा अंश तुम्हांस आपल्या ओट्यावर बसून करितां येईल. पुढील जूनमध्यें तुमच्या गांवचें एक जरी मूल न रडतां ती पायरी चढलें, तरी हें चरित्र लिहिल्याचें आम्हांस समाधान वाटेल.